पुढचा डिस्क ब्रेक स्पंजी, एअर काढूनही फरक नाही

गायमुखरायडर: दीडशे सीसीची जुनी बाईक आहे, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मागच्या आठवड्यात कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) सील किट (आतली रबरं) बदलून घेतलं. तेव्हापासून पहिल्या दाबाला लिव्हर ग्रिपला टेकतो, दोन-तीनदा पंप केला की घट्ट होतो. लाइनमधली हवा, म्हणजे एअर, काढूनही तसंच. गॅरेजवाला म्हणतो, "पॅड बसले की होईल." मी रोज घोडबंदर रोडने जातो, गायमुखचा उतार या ब्रेकवर उतरायचा म्हणजे पोटात गोळा येतो. घरी नीट एअर काढता येईल का?

नेरुळचा_पाना: पॅड बसण्याचा इथे काही संबंध नाही. पंप केल्यावर घट्ट होतो म्हणजे लाइनमध्ये हवा आहे. ऑइल दाबलं जात नाही, हवा दबते. आधी एक बघ: पंप करून घट्ट झालेला लिव्हर तसाच दाबून धर. हळूहळू आत जायला लागला आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचं (लिव्हरपाशी ऑइल ढकलणारा पंप) रबर गेलंय. मग एअर काढत बसू नकोस.

नसेल जात, तर कामाला लाग. पेट्रोलच्या टाकीवर जुनं फडकं टाक, ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलंच तर लगेच पाणी ओत. हँडल असं वळव की ऑइलची डबी सगळ्यात वर येईल. कॅलिपरवरच्या ब्लीड निपलला (हवा सोडायचा पोकळ स्क्रू) रिंग पाना लाव (बहुतेक ८ नंबरचा, फिक्स पान्याने कडा मरतात), वर पारदर्शक नळी घाल आणि तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडव. लिव्हर दाब, धरून ठेव, निपल पाव आटा सोड, बंद कर, मग लिव्हर सोड. क्रम चुकला की हवा परत आत. डबीतलं ऑइल खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नकोस.

आता तुझ्या केसमधली खरी गोम. कॅलिपर उघडला होता, म्हणजे हवा दोन जागी दडते: कॅलिपरच्या वरच्या कोपऱ्यात आणि मास्टर सिलिंडरच्या बँजो बोल्टपाशी (ब्रेकची नळी जोडणारा पोकळ बोल्ट). निपल सगळ्यात उंचावर नसेल तर कॅलिपर फोर्कवरून सोडून निपल वर येईल असा धर. पॅडमध्ये लाकडी पट्टी घाल, नाहीतर पिस्टन बाहेर पडेल. शेवटी डबीचं झाकण लावून लिव्हर दाबलेला रबराने बांध आणि रात्रभर ठेव. बारीक बुडबुडे वर चढतात.

बेलापूर_स्कूटी: मी सिरिंजने ओढते. बुडबुडे थांबतच नाहीत!

नेरुळचा_पाना: ताई, ती हवा निपलच्या आट्यांतून येते, लाइनमधून नाही. सिरिंजने ओढण्यापेक्षा लिव्हरने ढकला. एबीएसवाल्या गाडीत मॉड्युलेटरमध्ये (ब्रेकचं प्रेशर कमी-जास्त करणारं युनिट) हवा शिरली असेल तर बऱ्याचदा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागतो, ते घरी होत नाही.

गायमुखरायडर: झालं दादा! बँजोपाशीच होती. लिव्हर आता अर्ध्यावर दगड. गेल्या पावसाळ्यात उघडलेली डॉट ४ ब्रेक ऑइलची अर्धी बाटली आहे, ती टॉप-अपला चालेल?

नेरुळचा_पाना: नाही. डॉट ४ हवेतला ओलावा शोषतं. कोरडं असताना किमान २३० अंशाला उकळतं, ओलावा ३.७ टक्क्यांवर गेला की ही मर्यादा १५५ वर येते. उतारावर डिस्क तापली की लाइनमध्येच वाफ, आणि लिव्हर पुन्हा ग्रिपला. नवी छोटी बाटली आण. डबीवर जे लिहिलंय तेच घे, डॉट ५ चुकूनही नको, ते सिलिकॉनचं असतं.

बेलापूर_स्कूटी: आणि हे जुनं ऑइल टाकायचं कुठे?

नेरुळचा_पाना: गटारात नाही. बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात, त्यांना विचारून.