मदत हवी आहे: पाटणच्या पावसात रिव्हॉल्व्हरला गंज

नमस्कार मंडळी. वडील फौजेतून निवृत्त, पाटणजवळ शेतावर असतो आम्ही. त्यांच्याकडे परवान्याचं, कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. कोयनेकडचा पाऊस लागला की नळीवर, चेंबरच्या (गोळी बसते त्या खोबणीच्या) तोंडाशी तांबूस डाग धरतात. चामड्याचं कव्हर ओल धरतं म्हणून ते बाजूला ठेवलं. आता रिकामं करून, सुती फडक्याने पुसून, तेलाचा हलका हात देऊन कुलपात ठेवतो. तरी श्रावणात डाग येतातच, जीव हळहळतो. शिलाई मशीनचं तेल पुरेल, की बंदुकीचंच हवं? सिलिका जेलच्या पुड्या कुणी वापरल्यात का?

सिलिंडरही, म्हणजे गोळ्या भरायचा फिरता भाग, जरा हलतोय. तो घरी उघडणार नाही, हे नक्की. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात परवानाधारक, भरवशाचा कारागीर कुणाला माहीत आहे? नेताना परवान्याशिवाय आणखी कोणते कागद लागतात?