'मुलाला कोण मारू शकेल?' : नेमका शब्द हवा आहे

रानजाई
आमच्या फिल्म सोसायटीत १९७६चा स्पॅनिश भयपट दाखवणार आहोत, नार्सिसो इबान्येस सेरादोर यांचा 'किएन पुएदे मातार आ उन निन्यो?'. टिपणात मी शीर्षकाचा अर्थ 'मुलाला कोण मारू शकेल?' असा दिला. एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली, की मुलाला आईबाप मारतात, मास्तर मारतात, यात भय कसलं? त्यांनी सुचवलेलं 'बालहत्या कोण करील?' मला पोलिसांच्या फिर्यादीतलं वाटतं. काय करावं?

खडूफळा
हरकत रास्त आहे. 'ला' आला की चापट आठवते, तो काढला की जीव जातो. 'कुत्र्याला मारलं' आणि 'कुत्रा मारला' यांत हाच फरक. 'मूल कोण मारू शकेल?' करा.

वऱ्हाडी पाखरू
कुत्र्याचा नियम लेकराला लावू नका. 'मूल मारलं' असं आमच्याकडे कोणी बोलत नाही, 'जिवानिशी मारलं' म्हणतात. 'लेकराचा जीव कोण घेईल?' हे कानाला बरोबर लागतं.

खडूफळा
'जीव घेणं' फार पातळ झालंय हो. मे महिन्यात घरोघरी पोरं जीवच घेत असतात.

शेवंती
सगळे 'मारणे'भोवती फिरताय, अडचण 'पुएदे'ची, म्हणजे 'शकेल'ची आहे. सिनेमा आठवा. टॉम आणि गरोदर एव्हलिन हे इंग्रज जोडपं आल्मान्सोरा बेटावर पोचतं. भर उन्हात गाव रिकामं, फक्त मुलं. लपून राहिलेला एक गावकरी सांगतो, की रात्री पोरं हसतखेळत घराघरांत शिरली आणि मोठ्यांना मारत सुटली. मग प्रतिकार का नाही केला? त्यावर त्याच्या तोंडी हा प्रश्न येतो. अंगात बळ होतं, हात उचलला गेला नाही. पुढे त्याची स्वतःची मुलगी रडत येते आणि तो मुकाट तिच्यामागून जातो! याला मराठीत तयार रूप आहे: बघवत नाही, सांगवत नाही, मारवत नाही. 'लेकराला कुणाच्यानं मारवेल?'

रानजाई
शेवंतीताई, हे फार आवडलं. शंका एकच. सिनेमा सुरू होतो तो खऱ्या चित्रणाने: आउश्वित्झ, कोरिया, व्हिएतनाम, नायजेरियातलं बियाफ्रा, आपल्या शेजारचं १९७१चं युद्ध, आणि सोबत मेलेल्या मुलांचे आकडे. तिथे माणसांच्याने मुलं मारवली आहेतच. 'शकेल'मध्ये दोन्ही मावतं, गावकऱ्याचं न धजणं आणि युद्धांचं सहज करून टाकणं. 'मारवेल'मध्ये फक्त गावकरी उरतो.

शेवंती
उलट. 'मारवेल?' विचारणारा 'कुणाच्याच नाही' हे उत्तर गृहीत धरतो, आणि ते चित्रण ते उत्तर खोटं पाडतं. 'शकेल' गुळगुळीत आहे, त्याला खोटं पाडण्यासारखं काही उरत नाही.

मोडी वाचक
'भयपट' चालतो, 'चित्रपट' चालतो, मग 'बालहत्या'च फिर्यादीतली कशी? हेही शब्द कोणीतरी घडवले तेव्हा लोकांनी नाकं मुरडलीच असतील. शीर्षकाला भारदस्तपणा हवा. आणि 'मूल' घेणार असाल तर लक्षात ठेवा, मूल म्हणजे वंशाचं मूळ. तो अर्थ इथे विलक्षण बसतो.

खडूफळा
बसतो, पण व्युत्पत्ती बसत नाही. दोन स्वरांमधल्या एकेरी 'ल'चा मराठीत 'ळ' होतो: फल-फळ, काल-काळ, मूल-मूळ. लेकराच्या अर्थाच्या 'मूल'मध्ये 'ल' टिकलाय, म्हणजे तो त्या वाटेने आलेला नाही.

मोडी वाचक
नियमाला अपवाद असतात.

वऱ्हाडी पाखरू
भारदस्तपणा कशाला? बोलणारा खेड्यातला बाप आहे, संस्कृतचा प्राध्यापक नाही. त्याच्या तोंडी 'बालहत्या' घातली तर तो मेल्यावरसुद्धा तुम्हाला माफ करणार नाही.

कवडसा
हुआन होसे प्लान्स यांची मूळ कादंबरी आहे 'एल हुएगो दे लोस निन्योस', म्हणजे मुलांचा खेळ. सरळ 'पोरखेळ' का नको?

शेवंती
'पोरखेळ' म्हणजे गांभीर्य नसलेलं काम. 'काय पोरखेळ लावलाय' असंच ऐकत आलोय आपण. पोस्टर वाचून लोक बालनाट्य समजून मुलांना घेऊन येतील.

कवडसा
पण मुलं खरंच खेळतातच ना! म्हाताऱ्याला टांगून विळ्याने पिन्याता, म्हणजे टांगलेली वस्तू फोडायचा खेळ, खेळतात तो प्रसंग घ्या. टिपणात 'पिन्याता'ला 'दहीहंडी' लिहावं.

खडूफळा
अजिबात नको. हंडीला थर लागतात, गोविंदा लागतात. पिन्यातात डोळे बांधलेलं एकटं पोर काठी फिरवतं.

वऱ्हाडी पाखरू
तो खेळ आपल्याकडेही आहे. शाळेच्या गॅदरिंगला डोळे बांधून टांगलेलं मडकं फोडायचो. आम्ही 'मटकाफोड' म्हणायचो.

मोडी वाचक
'मटका' हिंदी. 'मडकेफोड' म्हणा.

वऱ्हाडी पाखरू
लहानपणी जे म्हणालो तेच म्हणणार. कोकणात, खानदेशात याला काय म्हणतात?