कोकणात रेल्वे आली आणि माणसं कमी झाली?

सड्यावरचा: काल इथे एकाने लिहिलं: कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण झाली, आणि २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. म्हणजे 'रस्ता झाला की पोरं मुंबईला लवकर पळतात', तेव्हा महामार्ग नि रेल्वेच्या दुपदरीकरणावर पैसे घालू नका. फार लागलं मला ते. माझे आजोबा जयगडहून बोटीने गेले गिरणीत, तेव्हा रूळ कुठे होते?

रेल्वे आली, पण मार्ग एकेरीच. दुपदरी काय तो रोहा ते वीर. केरळची गाडी आमच्या स्टेशनातून शिट्टी मारत निघून जाते. देवगडात स्टेशनच नाही, नांदगाव चाळीसेक किलोमीटर. धंदा वाढतो तो थांबणाऱ्या गाडीने.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलात आमच्या आंब्याच्या ६० पेट्या संध्याकाळी टेम्पोत चढल्या आणि माणगावला कोंडीत अडकल्या. पहाटेऐवजी दुपारी वाशीला पोचल्या, बाजार उठलेला. वरचा पेंढा उचलला तर हाताला वाफ लागली. निम्मा माल मातीमोल गेला. त्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालंय. आणि हे म्हणणार, रस्ता नको!

चाकरमानी_डोंबिवली: अगदी बरोबर. दादरची रत्नागिरी पॅसेंजर कोरोनानंतर दिव्याहून सुटायला लागली, त्यावर आधी बोला. म्हातारी माणसं सामानाचे डाग घेऊन दिव्याच्या गर्दीत कशी चढणार?

बीडवाला: थांबा नाही म्हणून रडायलाही आधी गाडी लागते. अहिल्यानगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर, १९९५ मध्ये मंजूर. बीडला पहिली गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. मंजुरीच्या वर्षी जन्मलेली पोरं ऊसतोडीला ट्रॅक्टरमागे बसून गेली. तुम्हाला १९९८ ला मिळालं, त्याचं मोल नाही.

सड्यावरचा: तुमचं दुःख खोटं नाही. पण धागा कोकणाचा आहे.

बीडवाला: धागा वाहतुकीचा आहे. कोकणाबाहेर महाराष्ट्र नाही का?

आकडेमोड: ती पोस्ट माझीच. रस्ता नकोच असं नाही, आधी पाणी, दवाखाना, फळप्रक्रिया हवी, असं माझं म्हणणं. नुसत्या रस्त्याने काय होतं ते समृद्धीवर बघा. ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ ला पूर्ण खुला. गावाच्या शिवारातून जातो, पण इंटरचेंज लांब असेल तर त्या गावाला चढताच येत नाही.

सड्यावरचा: अहो, मग मी वेगळं काय म्हणतोय? गाडी थांबली पाहिजे, रस्त्याला गाव लागलं पाहिजे!

चिपळूणची_ताई: तुम्ही दोघं महामार्गावरून भांडत बसा. आमच्या वाडीत एसटीची वस्तीची गाडी यायची. रात्री साडेआठला येऊन पिंपळाखाली उभी राहायची, चालक-वाहक देवळाच्या ओसरीवर झोपायचे. पहाटे सव्वापाचला इंजिनाची घरघर ऐकू आली की आई म्हणायची, ऊठ गो, गाडी चालू झाली. त्या गाडीने मी नर्सिंग पूर्ण केलं. आता ती बंद आहे. शेजारची मुलगी बारावी होऊन घरी बसलीय. वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही, परतीला अंधार पडतो, आणि बाप म्हणतो नको जाऊस.

बीडवाला: ताई, आमच्याकडंही हेच. गाडी बंद झाली की पोरीची शाळा सुटते, मग लग्नाचं बघतात. इथं मी तुमच्या बाजूनं.

आकडेमोड: पण वस्तीच्या गाडीत माणसं किती? दहा? डिझेलचा खर्च कोण सोसणार?

चिपळूणची_ताई: दहा कोण, ते आधी विचारा. दोघं डायलिसिसला, एक अंगणवाडीताई, चार मुली कॉलेजच्या, बाकीच्या मासेवाल्या. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण गाडीच नाही तर अर्धं कशाचं? तुम्ही २००१ आणि २०११ चे आकडे मांडता. वाडीतून बाई सकाळी बाहेर पडू शकली की नाही, ते त्या जनगणनेत कुठे लिहिलंय?

आकडेमोड: आवाज चढवून खर्च भागत नाही, ताई.

सड्यावरचा: आणि खर्चाचं नाव काढून माणसं रस्त्यावर सोडायची? महामार्गाला पैसे निघतात ना?

आकडेमोड: बरं. लोकसंख्या रेल्वेमुळे घटली हे मी सिद्ध केलेलं नाही, ते वाक्य मागे घेतो. तोट्याचा प्रश्न नाही घेणार मागे.

चिपळूणची_ताई: नका घेऊ. शेजारच्या मुलीच्या प्रवेशाची मुदत १२ तारखेला संपते. आमच्या बाजूने पहाटे चिपळूणला जाणारी दुधाची किंवा कुठलीही गाडी कुणाला माहीत असेल, तर इथेच लिहा.