उंची आणि तणांचे वैविध्य: पुणे जिल्ह्यातील पाहणीची आखणी कशी असावी?

शिवारफेरी (प्रश्न)

पदव्युत्तर प्रबंधासाठी मी पुणे जिल्ह्यातील पिकांच्या शेतांमधील तणांची पाहणी हाती घेतली आहे. इंदापूर-बारामतीकडील सुमारे ५०० ते ५५० मीटर उंचीच्या सपाट शेतांपासून वेल्ह्याच्या डोंगरउतारावरील नाचणी-वरईच्या तुकड्यांपर्यंत उंची वाढत जाते, तसे तणांचे वैविध्य कसे बदलते, हे मला पाहायचे आहे. प्राथमिक फेरीत पूर्वेकडे हरळी, लव्हाळा, कुंजरू, घोळ आणि गाजरगवत वारंवार दिसले, तर पश्चिमेच्या भातखाचरांत माका, केना आणि लव्हाळ्याच्या कुळातील अनेक जाती आढळल्या. हा फरक उंचीमुळे पडतो, असे लिहिणे योग्य ठरेल का?

माळमुरूम

एवढ्या माहितीवर तसे लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेकडे जाताना उंची वाढते, पण त्याच वाटेवर पाऊस, माती आणि पीकही बदलते. बारामतीकडे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तर मुळशी-वेल्ह्याच्या घाटमाथ्यावर तो कित्येक हजार मिलिमीटरवर जातो. उंचीमुळे तापमानात पडणारा फरक मात्र दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअस इतका, म्हणजे तुमच्या पाहणीतील सुमारे पाचशे मीटरच्या चढात साधारण तीन अंशांचाच असतो. हिमालयात एकाच खोऱ्यात दोन-अडीच हजार मीटरचा चढ मिळतो. त्यामुळे उंची आणि वैविध्याविषयीच्या तिथल्या निष्कर्षांची मोजपट्टी इथे लावता येणार नाही.

यातून मार्ग काढायचा असेल, तर पुरंदर तालुका पाहणीत जरूर घ्या. दिवेघाट चढून गेल्यावर सासवडचा परिसर पुणे शहरापेक्षा जवळपास दोनशे मीटर उंच आहे, पण तो पर्जन्यछायेत येतो. वेल्ह्यातील तेवढ्याच उंचीच्या, पण भरपूर पावसाच्या शेतांशी त्याची तुलना केली, तर उंची आणि पाऊस यांचे परिणाम काही अंशी तरी वेगळे करता येतील. पीकही शक्यतो एकच ठेवा. भात काढल्यानंतर ओलीवर घेतलेला हरभरा पश्चिमेत मिळतो आणि पूर्वेच्या काळ्या जमिनीतही हरभरा असतोच.

खाचरबांध

वरील सूचना मोलाची आहे, मात्र भातामागचा हरभरा आणि काळ्या रानातला हरभरा यांत आधीच्या पिकाचा वारसा वेगळा असतो, हे विसरू नये. चिखलणी करून खाचरात पाणी उभे केले की गाजरगवत, एकदांडी यांसारख्या कोरड्या जागेच्या तणांची उगवण दबते. पाणी सोसणारा माका आणि भातासारखाच दिसणारा सावा तेवढे टिकून राहतात. टारफुल्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तो ज्वारी, बाजरी, ऊस अशा यजमान पिकांच्या मुळांवर जगतो, त्यामुळे यजमान पीक नसलेल्या शेतात तो सापडला नाही, तर त्याचे कारण उंचीत शोधणे व्यर्थ आहे.

शेतकऱ्याशी बोलल्याशिवाय नोंद पूर्ण मानू नका. शेवटची खुरपणी किंवा कोळपणी केव्हा झाली, तणनाशक मारले का, शेणखत कितपत कुजलेले होते आणि पाणी पाटाचे आहे की विहिरीचे, हे प्रत्येक शेतासाठी लिहून ठेवा. कच्च्या शेणखतातून आणि पाटाच्या पाण्यातून तणांचे बी शेतात येते. बांधाची नोंदही शेतापासून वेगळी ठेवा. तेरडा, कुर्डू, आघाडा बांधावर दाट असतात, आणि ते शेताच्या यादीत मिसळले, तर डोंगराळ भागातील लहान तुकड्यांचे वैविध्य उगाच फुगलेले दिसेल, कारण तुकडा जितका लहान, तितका त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने बांध अधिक.

शिवारफेरी

मनःपूर्वक आभार. पुरंदरचा समावेश करते. मोजणीसाठी प्रत्येक शेतात एक मीटर बाजूच्या दहा चौकटी पुरेशा होतील का?

तृणनोंद

दहा हा आकडा आधीच ठरवू नका. चौकटी वाढवत जा आणि नव्या जातींची भर जवळजवळ थांबली की थांबा. वेल्ह्याच्या मिश्र पिकांत ही वेळ उसाच्या शेतापेक्षा बहुधा उशिरा येईल. जातींची संख्या, प्रत्येक जातीची रोपे आणि आच्छादन, म्हणजे त्या जातीने झाकलेला जमिनीचा भाग, या तिन्ही नोंदी घ्या. केवळ जातींची संख्या मोजली, तर लव्हाळ्याने व्यापलेले शेत आणि सर्व जाती समप्रमाणात असलेले शेत सारखेच दिसेल. शिवाय दोन गावांत वीस-वीस जाती मिळूनही त्यांतली एकही सामाईक नसू शकते. माझ्या मते तुमच्या प्रबंधाचा खरा ऐवज या बदलत्या जातींतच आहे.

हरळी आणि लव्हाळ्याच्या बाबतीत एक काळजी घ्या. दोन्ही जमिनीखालच्या भागांतून पसरतात, त्यामुळे वर दिसणारा प्रत्येक फुटवा स्वतंत्र रोप नसतो. त्यांच्यासाठी आच्छादनाची टक्केवारीच ग्राह्य धरा. फुलोरा नसलेल्या लव्हाळावर्गीय वनस्पतींना घाईने नाव देऊ नका. नमुने दाबून, वाळवून, गावाचे नाव, उंची आणि पीक लिहून ठेवा आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील पश्चिम विभागीय केंद्रातील संग्रहाशी ते ताडून पाहण्याची परवानगी आत्ताच मागा, म्हणजे खरिपाची पहिली खुरपणी होईपर्यंत तुमची तयारी झालेली असेल.