मदत हवी आहे: ए ते ई सगळं निगेटिव्ह, मग कावीळ कशामुळे?

नमस्कार. धाकट्या बहिणीला कावीळ झाली आहे. एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) खूप वाढलंय, पण हिपॅटायटिसच्या (यकृताला सूज आणणाऱ्या आजाराच्या) ए, बी, सी, ई सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. डी तर बी असेल तरच होतो. डॉक्टर म्हणतात व्हायरलच वाटतंय, पण विषाणू सापडत नाही. हे ऐकून जीव टांगणीला लागलाय.

वाचताना कळलं की हे कोडं जुनंच आहे. १९८९ मध्ये सी विषाणू ओळखला गेला, त्याआधी त्या आजाराला नुसतं ‘नॉन-ए, नॉन-बी’ म्हणत. २०२२ मध्ये लहान मुलांत अचानक आढळलेल्या हिपॅटायटिसमागेही एएव्ही२ (एक छोटा विषाणू) आणि अ‍ॅडिनोव्हायरसचा संबंध नंतर दिसला.

जाणकारांनी कृपया सांगा: सी आणि ई च्या अँटिबॉडी सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकतात, तर आरएनए तपासणीचा (थेट विषाणूचाच अंश शोधणाऱ्या तपासणीचा) आग्रह धरावा का? एपस्टाइन-बार, सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) हे विषाणू तपासायला सांगावं का? की ऑटोइम्यून हिपॅटायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते तो), विल्सनचा आजार (शरीरात तांबं साठतं तो), एखाद्या औषधाचा परिणाम हे आधी बघतात? आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि गुंगी यांवर आमचं लक्ष आहे, उपचारही चालू आहेत. कोणाच्या घरी असं झालं असेल तर शेवटी निदान काय निघालं, तेवढं नक्की कळवा.