रेम्ब्रांटचे ‘तीन क्रूस’: दुःख गडद झालं की पत्रा झिजला?

शाईबोटे: डच चित्रकार रेम्ब्रांटने 1653 मध्ये तांब्याच्या पत्र्यावर येशूचा क्रूसावरचा मृत्यू कोरला, छापे काढले. काही वर्षांनी तोच पत्रा खरवडून पुन्हा कोरला. आधीच्या छाप्यांत वरून उजेड कोसळतो, शताधिपती (रोमी सैन्याधिकारी) हात पसरून गुडघे टेकतो, कोण रडतंय ते दिसतं. पत्र्यात बदल करून छापलं की ती चित्राची नवी ‘अवस्था’. नंतरच्या, म्हणजे चौथ्या अवस्थेत येशूसोबत क्रूसावर चढवलेल्या दोघांपैकी उजवीकडचा चोर काळोखात जवळजवळ गडप. माझ्या मते खरं दुःख या दुसऱ्या चित्रात आहे. आधीचा नुसता देखावा.

काटकोन: असहमत. ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे पत्र्यावर थेट सुईने कोरण्याच्या या तंत्रात, सुई ओढली की रेषेच्या कडेला तांब्याची बारीक कोर उठते. शाई तिच्यात अडकते, म्हणून ती मखमली काळी रेघ. पण छापताना दाबाखाली कोर भराभर बसते, चांगले छापे मोजकेच निघतात. त्यात 1656 मध्ये रेम्ब्रांटसाहेबांचं दिवाळं वाजलेलं. झिजलेला पत्रा कामाला लावला, एवढंच.

शाईबोटे: डागडुजीच करायची तर जुन्या रेषा गिरवल्या असत्या की! त्याने आकृत्या खरवडल्या आणि उंच टोपीवाला घोडेस्वार आणला, तोही इटालियन कलाकार पिसानेल्लोच्या पंधराव्या शतकातल्या पदकावरून. पैशांसाठी कोण एवढी उस्तवार करतं?

वसईकर_आजोबा: मला आधीचंच हवं. लूकच्या शुभवर्तमानात येशूने प्राण सोडल्यावर शताधिपती देवाचं गौरव करतो. चौथ्यात नजर त्याच्याकडे जातच नाही, घोडेस्वाराकडे जाते. मग उरते फक्त फाशीची शिक्षा. गुड फ्रायडेला आम्ही रडतो ते रविवार, म्हणजे येशूचं पुनरुत्थान, माहीत असूनच.

शाईबोटे: आजोबा, त्याच लूकमध्ये सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत (दुपारी बारा ते तीन) अंधारही आहे. खाली कोसळलेल्या त्याच्या आईला, मारियेला, रविवार कुठे ठाऊक होता?

काटकोन: एक राहिलंच. पहिल्या अवस्थेच्या काही छाप्यांतही त्याने पत्रा मुद्दाम पूर्ण पुसला नाही, शाईचा पातळ थर ठेवून बाजू झाकोळल्या. काही छापे तर चर्मपत्रावर काढले, तिथे रेषा आणखी मऊ होतात. काळोखाला फडकं पुरत होतं. मग चौथीलाच दुःखाचा मान कशाला?

शाईबोटे: फडक्याने झाकलेलं पुढच्या छाप्यात उघडता येतं. खरवडलेली माणसं परत येत नाहीत.

वसईकर_आजोबा: आधीचे छापे शाबूत आहेत ना संग्रहालयांत? झालं तर. मी तेच बघेन.