साठीनंतर काय सोडलंत, काय धरलंत? (अनुभव धागा)

धाग्याला निमित्त आमच्या सासूबाई. ७६व्या वर्षी त्यांनी जाहीर केलं, "होळीला मला पोळ्या लाटायला सांगू नका. मला ते कधीच आवडलं नाही." पन्नास वर्षं लाटल्या की हो! तुमच्याकडे असं काही? उपदेश नकोत, घडलेलं लिहा.

*

केस रंगवणं सोडलं. कपाळावर पुरळ उठायचं तरी ब्रश घेऊन बसायचे. पहिले सहा महिने अर्धं डोकं काळं, अर्धं पांढरं. दोन लग्नं बुडवली, हे कबूल.

*

२०२२ला एसटीने पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट केला, आणि माझं "पुढच्या वर्षी जाऊ" संपलं. महिन्यातून एकदा स्वारगेटहून सकाळची गाडी. आधार दाखवायचं, शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं. वाईला उतरून ढोल्या गणपती, मग घाटावर नुसतं बसणं. मुलगा म्हणतो, कारने सोडतो. नको. कारमध्ये त्याचा फोन चालू असतो.

*

आम्ही दोघांनी लिव्हिंग विल केलं, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलं. मोठे दीर महिनाभर व्हेंटिलेटरवर होते आणि त्यांना ते हवं होतं का, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली याला मान्यता दिली, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २०२३पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. कागद सोपाच. मुलींपुढे खर्डा वाचताना मात्र माझा आवाज गेला. धाकटी मध्येच गॅस बंद करायला उठली. गॅस बंदच होता. परत येऊन म्हणाली, "नळी नाही घालायची. पण वरणभात मागितलास तर?" म्हटलं, द्यायचा, वर तूप घालून. ते वाक्यही खर्ड्यात घातलं. नोटरीने एकदा चष्म्यावरून बघितलं आणि शिक्का मारला.

*

वर सगळे पेन्शनवाले दिसताहेत. मी ६७व्या वर्षी पिको-फॉल करते, ब्लाउज शिवते, त्याशिवाय भागत नाही. मनासारखं म्हणाल तर एकच केलं: 'उधार बंद'ची पाटी लावली. दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली. त्यातली एक माझी नणंद.

*

(धागाकर्ती) सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. लिव्हिंग विलवर काही बोलल्या नाहीत. "त्या ब्लाउजवाल्या बाई कुठे राहतात, विचार" म्हणाल्या.